बेसाला जागा एकाच गाडीची

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन सीटची, बिनछपराची, १९४९ सालची विलायती. हे आधीच सांगते, कारण नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या शेडमध्ये माझ्या शेजारी जी उभी असायची, तीही स्वतःला तेच म्हणवायची.

ती पिवळी माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. माझा सांगाडा लाकडाचा, चाकांना तारा, पुढे दोन मोठे दिवे. तिला पुढे काळ्या रबराचा बंपर. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा. आणि हीटर! नागपुरात हीटर! मे अखेरीस नवतपाच्या नऊ दिवसांत शेडचे पत्रे भाजून निघत, तेव्हा तिच्या शेजारी उभे राहायची मला लाज वाटे.

मला इथे कोळसा खाणीच्या साहेबाने आणले. तो गेल्यावर कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकवणाऱ्या चंपतरावांनी मला उचलून आणले, एकेक भाग घासून बसवला. मग वरातीत लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढू लागले. पिवळीला कोण विचारतो?

चंपतरावांच्या पत्नी कुसुमताई विचारत. माझ्यात बसल्या की त्यांचा पदर उडून तोंडावर येई. "मले त्या पिवळीतच न्या जी," त्या म्हणत. बाईंना गाडीतले काय कळणार?

यंदा उन्हाळ्यात कुसुमताई वारल्या. चंपतराव घर सोडून मुलीकडे, वंदनाकडे, बेसाला तिच्या फ्लॅटवर निघाले. तिथे पार्किंगला जागा एकाच गाडीची. एक सोबत जाणार, दुसरी विकली जाणार. मी निश्चिंत होते.

नागपूरजवळच्या वाडी गावचा मिस्त्री कवडू आम्हाला तपासायला आला. "काका, सासू-सुनेले एकाच शेडात ठेवलं गा तुम्ही! दोघीही तेल सांडते, अन् दोघीही म्हणते, तिनंच सांडलं."

"बाबा, जुनीच ठेवा नं," वंदना म्हणाली. "हे पिवळी काहून पाहिजे?"

खालचा पत्रा सडला का ते बघायला कवडूने पिवळीची डावी सीट मागे सरकवायला घेतली.

"हात नको लावू गा सीटले!" चंपतराव ओरडले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कुसुमनं पुढं घेतलेली आहे. तिचे पाय टेकत नव्हते."

कवडूने हात काढला. पिवळीतली एक सीट मागे होती, दुसरी वीतभर पुढे. माझ्यात दोघांना मिळून सीटची पाठ एकच. चंपतराव मागे सरकले की कुसुमताईंनाही सरकावे लागे. त्यांची अशी जागा माझ्यात कुठेच नव्हती.

पिवळी बेसाला गेली. मी वाडीला, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात आहे. फोटो अजून माझेच निघतात. तो रबराचा बंपर मला आजही आवडत नाही.

मित्रांनो, कोणाची जुनी गाडी साफ करायला घेतलीत, तर धूळ पुसा, तेल पुसा, गंज घासा. सीट सरकवायची असेल, तर मात्र आधी घरच्यांना विचारा.