खिरापतीचा डबा

हलीमाबीच्या डोक्यावर टोपी बसली, पेटीवरचा लाल दिवा लागला, आणि सात महिन्यांत जी बाई धड एक वाक्य बोलली नव्हती ती न अडखळता कलमा पढली. अकोल्याच्या जुन्या शहरातलं मंगल कार्यालय, पाचशे माणूस. मग टाळ्या पडल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी मागच्या खुर्चीवर बसून होते. मला काही वाटलं नाही. मायच्या आजारपणाच्या गेल्या वर्षभरात मला फारसं काही वाटेनासंच झालं होतं.

मंचावरचे गृहस्थ स्वतःला मस्तिष्कगुरू म्हणवून घेत. भगव्या कपड्यांवर डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि स्टेथोस्कोप दोन्ही, न जाणो कोणतं कधी कामी येईल. मेंदूला म्हणे बावन्न दारं असतात, म्हातारपणी वाचेच्या दाराला गंज चढतो, आणि हे यंत्र जपानची वीज अन् आपला मंत्र एकदम सोडून तो गंज काढतं. आमच्या भातकुलीत पंपापुरती वीज मिळताना मारामार, आणि हा बाबा ती जपानहून आणत होता.

मी ललिता, अकोल्यात शाळेवर विज्ञान शिकवते. माझी माय सत्यभामा भातकुलीला धाकट्या भावाकडे, किसनकडे राहते. दोन वर्षांपासून तिचे शब्द जाऊ लागले होते. आधी माणसांची नावं गेली, मग भांड्यांची, मग सगळ्याचीच. उरलं नुसतं 'थे', आमच्या वऱ्हाडीतलं 'ते'. बैल म्हणजे 'थे', पाणी म्हणजे 'थे', मीसुद्धा 'थे'. अमरावतीच्या डॉक्टर महेजबीन यांनी तपासून सांगितलं की हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे, हिच्यात तो भाषेपासून सुरू झालाय आणि वाढत जाणार. किसनने विचारलं, डोक्याला करंट देऊन बरं करता येते म्हणे? त्या म्हणाल्या की बाहेरून अगदी हलका विद्युतप्रवाह किंवा चुंबकाचे ठोके देऊन पाहण्याचे प्रयोग मोठ्या इस्पितळांत चालू आहेत. सोबत बोलण्याचा सराव घेतला तर काही रुग्णांना थोडे शब्द थोडा काळ धरून ठेवता येतात. पण गेलेली भाषा त्याने परत येत नाही. किसनच्या कानात त्यातला करंट तेवढा राहिला.

ते बोंडअळीचं वर्ष. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं बाहेरून हिरवीगार आणि फोडली की आत किडकी. अशा वर्षी माणूस कशावरही विश्वास ठेवतो, मी त्याला बोल लावत नाही. पण बाबाची अट ऐकून माझं डोकं फिरलं. मायला चाळीस दिवस आश्रमात ठेवायचं आणि घरच्यांनी भेटायला जायचं नाही. जिला पाणी मागता येत नाही, पोट दुखतं हे सांगता येत नाही, तिला परक्या माणसांत सोडून यायचं. किसनने तिचं गाठोडं बांधूनच आणलं होतं.

"ताई, आज माय बोल्ली तं ठेवतो," तो म्हणाला. "नाई बोल्ली तं वापस नेतो. मंग तू मधात बोलू नोको."

मी हो म्हटलं.

मायचं नाव पुकारलं. टोपी चढली, भुणभुण सुरू झाली. बाबांनी डोळे मिटले. त्यांना म्हणे मुलींचा फेर दिसत होता, भुलाबाई, म्हणजे आमचा वऱ्हाडातला भोंडला, मांडलेली दिसत होती. त्यांनी गाण्याची पहिली ओळ लावली आणि मायने पुढचं सगळं धरलं. एक सोडून तीन गाणी, एकही शब्द न गाळता. किसन लहान पोरासारखा रडला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी तिचा भरलेला आवाज ऐकत होते.

शेजारी हलीमाबीचे यजमान अब्दुल गफ्फार बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते.

"बेटी, कलमा तो ये घर में भी पढ़ती है," ते हळूच म्हणाले. "बस, मेरा नाम नहीं ले सकती."

मला सकाळचा फॉर्म आठवला. दारातच भरून घेतला होता. त्यात एक रकाना होता, रुग्णाला लहानपणापासून काय तोंडपाठ आहे? मास्तरणीची जात माझी, रकाना रिकामा सोडवत नाही. भुलाबाईची गाणी, असं मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. घरात पोरीबाळी राहिल्या नाहीत तशी भुलाबाई मांडणं आम्ही सोडलं होतं, त्यामुळे मायला ही गाणी अजून येतात का हे कोणी पाहिलंच नव्हतं.

मंचावर माय गाणं संपवून हात पुढे करून काहीतरी शोधत होती. आमच्याकडे भुलाबाईची गाणी झाली की खिरापतीचा बंद डबा हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. माय त्यात गावभर वस्ताद होती. तिच्यासाठी आणलेला खाऊचा डबा माझ्या पिशवीत होता. मी तो घेऊन वर गेले.

"वाचा उघडली ना, बाबा? मंग तिले खिरापत ओळखू द्या."

समोर निम्म्या बायका भुलाबाई खेळून मोठ्या झालेल्या. बाबांना नाही म्हणता येईना. मायने डबा कानाशी धरून हलवला. तिचा चेहरा उजळला. तिला कळलं होतं, मी सांगते, तिला कळलं होतं.

"थे," माय म्हणाली. "थे... थे आपलं..."

मग नुसते ओठ हलत राहिले. मी म्हटलं, वीज वाढवा. बाबांनी बटण फिरवलं, भुणभुण वाढली. माय परत "थे" म्हणाली. मग मी तिच्या डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि गाण्याची पहिली ओळ म्हटली. मायने उघड्या डोक्याने तीच तीन गाणी म्हटली, तशीच, एकही शब्द न गाळता.

किसन मंचावर आला. पंपाचा स्टार्टर तो नेहमी स्वतःच खोलतो, खिशात टेस्टर असतोच. त्याने पेटीचा पत्रा खोलला, टोपीचं अस्तर फाडलं. पेटीत दोन सेल, दिव्याची वायर आणि भुणभुण कमीजास्त करायचं बटण. टोपीत मोबाइल थरथरतो तसली चिमुकली मोटर. डोक्याला टेकणाऱ्या पट्ट्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

"ताई, याच्यात करंटच नाई," तो म्हणाला, आणि तिथेच खाली बसला. बाबा तोवर स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेले होते.

डॉक्टर महेजबीन यांनी नंतर समजावलं. लहानपणापासून घोकलेली गाणी, प्रार्थना, आकडे मेंदूत शब्द शोधून बोलण्यापेक्षा निराळ्या वाटेने टिकतात. बोलणं गेलं तरी ती बरेच दिवस राहतात. बाबाने एवढंच हेरलं होतं. म्हणून माझं सांगणं साधं आहे. तुमचं म्हातारं माणूस यंत्राखाली बोललं तर टाळ्या वाजवण्याआधी यंत्र काढून बघा, आणि पाठ नसलेलं काहीतरी विचारा. खरा उपचार करणारा माणूस काय होणार नाही हे आधी सांगतो, आणि घरच्यांना कधी दूर ठेवत नाही.

गाठोडं त्याच दिवशी भातकुलीला परत गेलं. माय बरी झाली नाही, होणारही नाही. किसन रोज संध्याकाळी तिच्या कानाशी डबा हलवतो. ती म्हणते, "थे." तो झाकण उघडून म्हणतो, "फुटाणे, माय." ती त्याच्यामागून म्हणते, "फुटाणे." दुसऱ्या दिवशी तो शब्द गेलेला असतो. तो परत डबा घेऊन बसतो. खिरापत वाटायची कशी ते मात्र माय विसरलेली नाही. आधी मूठभर त्याला देते, मी गेलेली असले तर मला, आणि उरलेलं स्वतः खाते.