मेव्हिसच्या हातातलं हँडल

मी कालव्याच्या तळातून बोलतोय. आवाज जरा चिखलाचा येईल, सांभाळून घ्या.

मी एक लोखंडी हँडल, कोपरात दुमडल्यासारखं. जन्म बर्मिंगहॅमकडच्या लोहाराच्या भट्टीतला. दोन दरवाजांच्या हौदात पाणी खालीवर करून बोट उतरवायची, त्याला लॉक म्हणतात. त्याच्या झडपा माझ्याशिवाय हलत नाहीत.

क्लिफर्डने मला विकत घेतलं, बायकोच्या हाती दिलं, आणि पुन्हा शिवला नाही. तो सुकाणू धरून, चहाचा मग घेऊन उभा. मेव्हिस पावसात माझ्याशी झटतेय. कालव्यावर पुष्कळ जोडप्यांचं असंच असतं म्हणा. पण हा वरून बोलायचा, "चल गं म्हातारे, गोगलगाय पुढे गेली!"

एका हिवाळ्यात तिचा खांदा गेला. जड काम बंद, असं डॉक्टरने बजावलं. "वसंतात सुकाणू मला दे, झडपा तू उघड," शेगडीपाशी ती रोज विनवायची. शेवटी तो हो म्हणाला.

मार्च आला. काठाला डॅफोडिल फुलले, झडपा मात्र थंडीने आखडलेल्या. पहिल्याच लॉकला तिने सुकाणूकडे हात नेला, तर हा हसला.

"खरंच वाटलं होय तुला? बोट आहे ही, बाबागाडी नाही. उतर!"

मागे रांगेत थांबलेल्या बोटीवरून शेजारीण डॉट ओरडली, "मेव्हिस, नवऱ्याचे पाय फळीला चिकटवलेस का गं?"

मेव्हिसही हसली. तळहाताला सुटलेला घाम फक्त मला कळला.

वरच्या दरवाजाखाली पाण्यात दगडी पायरी असते. पाणी उतरताना बोटीची शेपटी तिच्यावर राहिली, की बोट लटकलीच.

"क्लिफ, पुढे घे. पायरीवर आहेस."

"तू हँडल फिरव. मला शिकवू नकोस!"

तिने फिरवलं.

पाणी उतरू लागलं. शेपटी अडकली, नाक खाली गेलं, आत कपबशा फुटल्या. क्लिफर्ड कठड्याला लोंबकळत किंचाळला, "झडप पाड! मेव्हिस... मेव्हू, पाड गं!"

'मेव्हू' मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला उलटं फिरवलं असतं तर पाणी थांबलं असतं. तिने मला झडपेच्या खुंटावरून काढलं, पाण्यावर धरलं आणि हाताचं एकेक बोट सैल सोडलं. मी बुडाल्यावर मगच वर तिने आरडाओरडा केला, "धावा! हँडल सटकलं!"

थोड्या वेळाने चहाचा मग माझ्याशेजारी येऊन टेकला.

"हात गारठले होते गं तुझे," डॉट तिला कुशीत घेऊन म्हणत होती, "तुझा काय दोष?"

बोट काढली, क्लिफर्डला चादरीने झाकून नेलं. मी राहिलो. मेव्हिसने छोटी बोट घेतली. दर मार्चला ती इथून जाते, एका हातात सुकाणू, दुसऱ्यात चहा. झडपा डॉट उघडते. परवा वरून आवाज आला, "चल गं डॉटे, गोगलगाय पुढे गेली!"

दोरीला चुंबक बांधून भंगार शोधणाऱ्यांनो, पाया पडतो, इथे टाकू नका. मला वर काढलंत, तर कुणीतरी डॉटच्याच हाती देईल. आणि तिचा खांदाही हल्ली दुखतो म्हणे.