मधोमध कापलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. खरं सांगायचं तर आता दोन अर्धे बाक आहे, ते कसं झालं तेही सांगतो. बेंगळुरूत बनशंकरीला लाल मातीच्या दोन कोर्टांचा एक लहानसा टेनिस क्लब आहे. माझं उभं आयुष्य तिथेच गेलं. आता थकलोय. कुणी धपकन बसलं की सांधे कुरकुरतात आणि बोलायचासुद्धा कंटाळा येतो. तरी आज बोलतो, कारण माझं तुमच्याकडे काम आहे.

नागोजी सुतारानं मला फणसाच्या लाकडातून घडवलं. लाकूड बेताचंच होतं, म्हणून तिघांपुरता झालो. आणि खरोखरच कितीतरी वर्षं तीच तीन माणसं माझ्यावर बसली. एका टोकाला रघुनंदनअण्णा, दुसऱ्या टोकाला विमलाअक्का. दोघं डबल्समधले जोडीदार. मधे अण्णांच्या पत्नी महानंदाबाई. त्यांनी कधी रॅकेट हातात धरली नाही. मांडीवर थर्मास घेऊन बसायच्या आणि दोघांच्या खेळाला मनसोक्त नावं ठेवायच्या. खेळ संपला की एक पेला कॉफी दोघांना अर्धी अर्धी करून द्यायच्या. आमच्या गावात त्याला बाय-टू म्हणतात. थर्मास भरलेला असला तरी द्यायच्या अर्धीच, आणि उरलेली स्वतः संपवायच्या. ते दिवस माझे मोठे लाडाचे होते हो. गणपतीच्या आधी दरवर्षी मला पॉलिश व्हायचं.

मग महानंदाबाई गेल्या. अण्णा घरी एकटे राहिले. तरी ते रोज यायचे, स्वतः थर्मास आणायचे आणि मधली जागा मोकळी सोडून बसायचे. तिथे पिशवीसुद्धा ठेवायचे नाहीत.

पाठोपाठ करोना आला. क्लबला कुलूप लागलं. पुढे उघडला तो नियमांसकट. विमलाअक्का क्लबच्या सेक्रेटरी. त्यांनी दाराशी ताप बघायचं यंत्र ठेवलं, डबल्स बंद केलं, ज्याला त्याला आपापल्या चेंडूंवर नावाची खूण करायला लावली. दुसऱ्याचा चेंडू हातानं उचलायचा नाही, रॅकेटनं ढकलायचा. लोक कुरकुरत का होईना, सगळं पाळायचे. पण खेळ संपला, की तीच शहाणी माणसं मास्क हनुवटीवर ओढून माझ्यावर खेटून बसायची. अण्णा सर्वांत पुढे. सवयीनं कॉफी अर्धी करून अक्कांपुढे धरायचे. अण्णांना जुना दमा. अक्कांच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. त्या पेला घ्यायच्या नाहीत आणि अण्णा हात मागे घ्यायचे नाहीत.

शेवटी अक्कांनी मला भिंतीशी उलटं करून टाकलं. पाय वर, तोंड मातीत. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता माझा! अण्णांसाठी लांब एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. अण्णांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यापाशी थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मग ते यायचेच बंद झाले.

अक्का रोज फाटकाकडे बघायच्या. एका सकाळी त्या नागोजीला घेऊन आल्या. आदल्या दिवशी त्या अण्णांच्या फाटकाबाहेर उभ्या राहून बोलून आल्या होत्या. ते सगळं त्या नागोजीला सांगत होत्या. अण्णांची दाढी वाढली होती, चूल पेटत नव्हती, बिस्किटांवर दिवस चालला होता. का येत नाही, असं अक्कांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “खेळायला कुठे येत होतो अक्का? बसायला येत होतो.”

“आजारापासून वाचवायला गेले मी, नागोजी,” अक्का म्हणाल्या, “आणि माणूसच हातचा चाललाय.”

वखारी बंद होत्या, नवं लाकूड मिळायचं नव्हतं. मला कापून दोन आसनं करायची असं ठरलं. जास्तीचे पाय पंचांच्या मोडक्या खुर्चीतून निघणार होते. अक्कांनी एकच अट घातली, मधली जागा अख्खी राहू दे. म्हणून नागोजीनं पेन्सिलीची रेघ एका बाजूला सरकवून मारली. तेवढ्यात अण्णा आले. अक्कांनीच निरोप धाडला होता. मास्क नीट नाकावर, हातात थर्मास. त्यांनी ती रेघ बघितली, वाकून बोटानं पुसली आणि बरोबर मधे, महानंदाबाईंच्या जागेवर हात ठेवला.

“मधोमध काप,” ते म्हणाले. “ती सगळं अर्धं अर्धंच करायची.”

अक्का तोंड फिरवून उभ्या राहिल्या. करवत लागली तेव्हा मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही भाग समोरासमोर, चांगले लांब मांडले. अण्णा एकीकडे, अक्का दुसरीकडे. ज्याचा त्याचा थर्मास, ज्याचा त्याचा पेला. ऐकू जावं म्हणून दोघं मोठ्यानं बोलायचे आणि अख्ख्या क्लबला त्यांच्या घरच्या गोष्टी कळायच्या. आजाराचे ते दिवस दोघांनी असेच काढले.

आता मास्क गेले. क्लबमध्ये स्टीलचे चकचकीत बाक आले. अक्का लांब, इलेक्ट्रॉनिक सिटीला मुलीकडे राहायला गेल्या, रविवारी तेवढ्या येतात. माझा एक अर्धा भाग कोर्टाशीच आहे. दुसरा, मित्रांनो, तुम्ही कोचिंगची मुलं बूट बदलायला फाटकाशी ओढून नेता आणि तिथेच टाकून जाता.

अण्णा अजून रोज येतात. खेळत नाहीत. आल्या आल्या फाटकापाशी जातात, माझा तो अर्धा भाग ओढत आणून समोर मांडतात आणि मग बसतात. ओढताना दम लागतो त्यांना. दोनदा थांबतात, छाती धरतात, पुन्हा ओढतात. मला जड असल्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मला पॉलिश नको, जोडूनही नको. बूट बदलून झाले की तेवढा माझा अर्धा भाग समोर आणून ठेवा. अक्का रविवारीच येतात, पण ठेवा रोज. आणि घाई नसेल, तर घटकाभर त्यावर बसा.