एल्वीची झावळी

आमच्या कोपरच्या घरात अल्तारामागची, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यामागची भिंत दर लेंटला, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, ओली होते. सोसायटीचा सेक्रेटरी महेंद्र म्हणतो, वरच्या संचिताच्या बाथरूमची गळती आहे. हो का रे बाबा? मग ती राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरला बरी आपोआप थांबते? त्या बिचारीने माझ्या कटकटीपायी दोनदा टाइल्स उखडल्या. प्लंबरने भिंतीला कान लावला, सगळे नळ बंद करून बघितले आणि शेवटी मलाच म्हणाला, "काकू, हे आमच्या पाइपातलं पाणी नाही. वास बघा की." मला वास बघायची गरज नव्हती. नदीचा वास होता तो.

पाणी कुठून येतं ते मला ठाऊक होतं. अल्तारावर क्रूस आहे, क्रुसामागे खिळ्याला एक झावळी अडकवलीय. पाणी त्या झावळीतून येतं.

आमची रीत माहीत नसेल तर सांगते. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाच्या झावळ्या मिळतात. त्यांची पाती विणून आम्ही छोटे क्रूस करतो, वर्षभर घरात ठेवतो आणि पुढचा लेंट लागायच्या आत चर्चला परत देतो. तिथे त्या जाळतात, आणि तीच राख फादर बुधवारी आमच्या कपाळाला लावतात. ती झावळी कचऱ्यात टाकायची नाही आणि धरूनही ठेवायची नाही. मी घरातल्या बाकीच्या नेऊन देते. ही एक देत नाही. काय करायचं ते करा.

ही माझ्या एल्वीने विणलेली आहे. दुसरीत होती पोर. तो रविवार आम्ही मोहन्याला केला, माझ्या धाकट्या बहिणीकडे, रेजीनाकडे. तिचा नवरा डॉमनिक तेव्हा तिथल्या फॅक्टरीत होता. चर्चमधली मिस्सा झाली, जेवण झालं. जेवताना एल्वीने तो क्रूस माझ्या मुठीत कोंबला, "मम्मी, हा तुझा." मी जरा आडवी झाले आणि रेजू तिला नदीवर फिरवायला घेऊन गेली. परत आली ती एकटी, नखशिखांत भिजलेली. काय झालं, कसं झालं, विचारून विचारून माझा घसा बसला. ती एवढंच म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." त्यापुढे तिने काही सांगितलं नाही आणि मीही तिच्याशी बोलले नाही. का बोलू? माझी पोर गेली आणि हिचं लक्ष नव्हतं!

तरी ती यायची. आमच्यात घरची तेर्साची प्रार्थना झाली की धाकट्याने मोठ्यापुढे हात जोडून बेसांव मागायचा, म्हणजे आशीर्वाद. लेंटच्या पहिल्या शुक्रवारी रेजू मोहन्याहून यायची, दारात मान खाली घालून उभी राहायची. "बाय, बेसांव दे." मी तिच्या तोंडावर दार लावायची. माझा नवरा लॉरी आतून सगळं बघायचा. त्याने मला एका शब्दाने अडवलं नाही, पण त्या दिवशी तो जेवायचा नाही.

यंदा ती आली नाही. दुपारभर माझे कान दाराकडे लागलेले, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी डॉमनिकचा फोन आला. "बाय, रेजूचं लिव्हर गेलंय. हॉस्पिटलने घरी पाठवलं. ईस्टर बघेल असं वाटत नाही. तिला फक्त तुझा बेसांव पाहिजे. एकदा ये." मी फोन ठेवून दिला. तेव्हाच मागे टप् असं वाजलं. बुधवारपासून नुसती भिंत ओली होती, आता झावळीतून पहिला थेंब अल्तारावर पडला होता.

मी म्हटलं, बघा, पोरीलाही मान्य नाही.

पण मन खात होतं, म्हणून कुमसाराला, फादरपुढे पापं कबूल करायला गेले. जाळीपलीकडे फादरनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "क्षमा मनात आपोआप उगवेल म्हणून वाट बघत बसू नकोस. तिची सवय करावी लागते. ईस्टरपर्यंत रोज बहिणीचं नाव घेऊन मोठ्याने म्हण, मी तुला क्षमा केली. जमत नसलं तरी म्हण. तेच तुझं प्रायश्चित्त."

घ्या. माणूस उपासाला मटण सोडतो, चहा सोडतो. मला सोडायला हा राग सांगितला.

केलं मी. रोज सकाळी मेणबत्ती लावायची, दात आवळायचे आणि म्हणायचं, "रेजू, मी तुला क्षमा केली." तोंडातून शब्द निघाला की झावळी गळायची. इतर वेळी एखादा थेंब, पण मी ते वाक्य म्हटलं की धार लागायची. पाणी भिंतीवरून उतरून अल्तारावरच्या कपड्यात जिरायचं. मी कपडा पिळायची तेव्हा हाताला बारीक वाळू लागायची. एकदा तर वाक्य अर्धं सोडलं, तर धारही मध्येच थांबली. मग काय, मी एल्वीशी भांडलेच. "खोटं बोलते म्हणून सांगतेस का ग मला? हो, बोलते खोटं! तिच्याशी अबोला धरलाय तो तुझ्याचसाठी ना?" आतल्या खोलीत लॉरी खोकला. मेणबत्ती विझली होती आणि घरात पंखासुद्धा चालू नव्हता.

त्या दिवसापासून मला ते वाक्य म्हणायची भीती वाटायला लागली. तरी म्हणत राहिले. प्रायश्चित्त म्हणजे प्रायश्चित्त.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. सकाळी मेणबत्ती लावायला गेले तर क्रुसामागून हिरवं काहीतरी डोकावत होतं. इतक्या वर्षांची झावळी, हात लावला तर चुरा व्हावा अशी वाळलेली, ती हिरवीगार झाली होती. आजच झाडावरून काढल्यासारखी. आणि तिची वीण सुटत चालली होती. माझ्या डोळ्यांदेखत एक घडी हळूच उलगडली, मग दुसरी. एल्वीचं विणलेलं सुटतंय म्हटल्यावर मी झडप घालून ती खिळ्यावरून काढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हातात घेत होते.

ते अख्खं पातं नव्हतं. एक कड सरळ होती आणि दुसरी फाटलेली, ओबडधोबड. पोरीने एक पातं उभं फाडून त्याची दोन केली होती. म्हणजे क्रूस दोन विणले होते. एक "मम्मी, हा तुझा." आणि दुसरा कुणाचा, हे सांगायला मला फादर नको होते.

माझं टाळकंच सणकलं. माझ्या पोरीच्या हातचं काहीतरी त्या बाईकडे आहे आणि इतकी वर्षं तिने मला सांगितलंही नाही! लॉरीला म्हटलं, "मी मोहन्याला चाललेय." तो उठून उभाच राहिला. "रेजूला भेटायला?" "माझी वस्तू परत आणायला," मी म्हटलं आणि झावळी रुमालात गुंडाळून निघाले. कल्याणला उतरून रिक्षा पकडेपर्यंत रुमाल ठिबकायला लागला होता. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मावशी, मच्छी आहे का? सीट खराब होईल." मी रुमाल मांडीवर घेतला.

डॉमनिकने दार उघडलं. मला बघून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, रडू दाबत होता. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. तोच वास. रेजूच्या पलंगाच्या उशाशी क्रूस होता आणि क्रुसाखालून जमिनीपर्यंत ओल उतरलेली. खाली स्टीलचं पातेलं ठेवलेलं, त्यात टप् टप् चालू होतं.

"दरसाल होतं, बाय," डॉमनिक म्हणाला. "दोन प्लंबर झाले."

पलंगावर रेजू होती म्हणायची. पोट फुगलेलं, हात काड्या झालेले, डोळे हळदीसारखे पिवळे. माझ्या हातातल्या रुमालाकडे बघून ती म्हणाली, "तुझ्याकडेपण येते ना ती?"

मी भांडायला आले होते, पण खुर्चीत बसले. दुसरं काय करणार?

"तू झावळी परत का नाही दिलीस चर्चला?" मी विचारलं.

"जाळली असती तर मी सुटले असते. मला सुटायचं नव्हतं." तिला एकेका वाक्याला दम लागत होता. "तू का नाही दिलीस?"

"तुला सोडायचं नव्हतं," मी म्हटलं.

डॉमनिक स्वयंपाकघरात निघून गेला. मी पुढे वाकले. "रेजू, आज खरं सांग. काय झालेलं? लक्ष नव्हतं म्हणजे कुठे होतं?"

तिने पातेल्याकडे बघितलं. "चप्पल," ती म्हणाली. "आम्ही पाय बुडवून बसलेलो. माझी एक चप्पल वाहून चालली. नवीन होती ग, त्याच सणाला घेतलेली. मी चपलीमागे चार पावलं गेले. चप्पल मिळाली. वळले तर ती नव्हती." तिने डोळे मिटले. "कसं सांगणार होते मी तुला, बाय? चपलीसाठी गेले म्हणून?"

मला वाटलेलं, खरं कळलं की मी हिचा जीव घेईन. कित्येक रात्री तेच मनात रंगवलेलं. आणि आता माझ्या डोळ्यांपुढे ती चप्पलच येत होती, पाण्यावर हलत चाललेली. मीही गेले असते तिच्यामागे. कोण नाही जाणार? नवी चप्पल वाहून चालली तर बाई हात पुढे करणारच. एवढंच झालं होतं. एवढ्याशा गोष्टीने माझी पोर गेली, आणि एवढीशी गोष्ट ही बाई पोटात घेऊन सडत राहिली, आणि मी तिच्या तोंडावर दार लावत राहिले.

मी उठून तिच्या क्रुसामागची झावळी काढली. तीही हिरवी होती. दोन्ही पाती शेजारी धरली तर फाटलेल्या कडा एकमेकींत बसल्या. डॉमनिककडून लोखंडी तवा मागितला, पलंगाशेजारी जमिनीवर ठेवला, दोन्ही पाती त्यात ठेवून काडी लावली. पेटेनात. नुसता धूर आणि चर्र आवाज. दुसरी काडी लावली. मग मी सवयीने म्हटलं, "रेजू, मी तुला क्षमा केली." पात्यांतून पाणी सुटलं आणि काडी विझली.

"तोंडाने नको, बाय," रेजू पुटपुटली. तिने हात जोडायचा प्रयत्न केला, पण ते अर्ध्यातच पडले. "बेसांव दे."

मग मला रडू फुटलं. पोर गेली तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते, तेव्हा नुसती संतापलेली. मी तिच्या उशाशी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, लहानपणी तिच्या उवा काढायची तसं. "देव तुला बेसांव दे, रेजू. वेडे, चपलीचं मला आधी सांगायचंस ना ग. सांगायचंस ना." दोघीही किती वेळ रडलो कुणास ठाऊक. तव्याचं भानच नव्हतं. डॉमनिक दारातून ओरडला तेव्हा खाली बघितलं. तव्यात ज्वाळा होती. धूर नव्हता, आवाज नव्हता. बघता बघता दोन्ही पाती काळी झाली आणि बसली. पातेल्यातली टप् टप् थांबली होती.

राख कोमट होती. मी अंगठा बुडवून रेजूच्या कपाळावर क्रूस काढला. ती हसली आणि लगेच तिला झोप लागली. राख नदीत सोडायला डॉमनिकला सांगून मी निघाले. वाटेतलं काही आठवत नाही. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं तेवढं लक्षात आहे.

घरी लॉरीने दार उघडलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

"भिंत वाळली," तो म्हणाला. "दुपारी माझ्यादेखत वाळली. आणि तुला राख कुणी लावली?"

"मला कुठे? मी रेजूला लावली. तिला तर हातही उचलवत नव्हता."

त्याने मला बेसिनच्या आरशापुढे नेलं. माझ्या कपाळावर राखेचा क्रूस होता. नीट काढलेला, पण बारीक रेघांचा. लॉरीने आपला अंगठा त्याच्या शेजारी धरला, मग माझा हात उचलून माझा अंगठा धरला. दोन्ही मोठे होते. त्या रेघा आमच्यापैकी कुणाच्या अंगठ्याच्या नव्हत्याच. त्या दुसरीतल्या पोरीच्या अंगठ्याएवढ्या होत्या.

लॉरी आरशात बघत राहिला. मग तो हात जोडून माझ्यापुढे वाकला आणि त्या क्रुसाला म्हणाला, "बेसांव दे, बाळा."