हिरवाई वाढेल

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची, खाडीवरचा लाकडी पूल पाडला त्या वर्षाची. शहराचं सांडपाणी खाडीत सोडणारा नळ तेव्हा मंजुरीसाठी अडला होता, आणि तो आखणारे इंजिनिअर होते धाकटीचे भावजी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

धाकटी आणि ही थोरली बहीण, अक्का, खाडीकाठच्या एकाच प्रयोगशाळेत होत्या. लहानपणापासूनची रीतच अशी, की मोजायचं धाकटीनं आणि चारचौघांत बोलायचं अक्कानं. परकी माणसं दिसली की धाकटीची दातखीळ बसे. समुद्री गवत ओळखायला तिला शिकवलं तेही अक्कानंच, गुडघाभर पाण्यात उभं राहून. "गवताला मूळ असतं गं. शेवाळ नुसतं पसरतं."

टाक्यांतल्या प्रयोगानं सगळं स्वच्छ दाखवलं होतं. सांडपाण्यातलं खत मिळालं की शेवाळ माजतं, गवतावर गोधडीसारखं पसरतं, आणि खाली उजेडावाचून गवत कुजतं.

"मेहुणीबाई, खतानं मरणारं गवत पहिल्यांदाच ऐकतोय," भावजी जेवताना चिडवायचे. "आमच्या अंगणात तर घालूनही काही उगवत नाही."

"तुम्ही अंगणात भाषणं घालता भावजी, खत नाही." घरात मात्र धाकटीची जीभ चालायची. अक्काला हसता हसता ठसका लागला होता.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, नळ आला तर खाडीतली हिरवाई जाईल का?"

अक्का उठली, चष्मा सारखा केला. "नाही," ती म्हणाली. "हिरवाई वाढेल."

आणि खाली बसली.

धाकटीला वाटलं, पुढचं आता सांगेल; वाढेल ते शेवाळ, मरेल ते गवत. अक्का पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली. धाकटी उभी राहिली, तोंड उघडलं, पण समोर भरलेलं सभागृह दिसलं आणि तिची दातखीळ बसली.

"तुमच्या बहिणीनं सांगितलंच की," अध्यक्ष हसून म्हणाले. नळ मंजूर झाला.

जिन्यात तिनं अक्काला गाठलं. "गवत म्हणाली नाहीस तू."

"त्यांनी हिरवाई विचारली. खोटं बोलले का मी?"

"खोटं बोलली असतीस तर भांडता तरी आलं असतं."

"ह्यांची बढती अडली होती गं. वाटलं, तू समजून घेशील."

"माझं तोंड होतीस तू, अक्का."

दोन उन्हाळ्यांत खाडी हिरवीगार झाली. लोक नव्या पुलावर उभे राहून फोटो काढत. पुढं पुढं नाक धरून जाऊ लागले. भावजी मुख्य इंजिनिअर होऊन निवृत्त झाले. अंगणात अजून काही उगवत नाही. अक्का प्रयोगशाळेची संचालक झाली, आणि खोलीची खाडीकडची खिडकी तिनं कधी उघडली नाही. धाकटी गवताचे थोडे ठोंब ओल्या पोत्यात बांधून दुसऱ्या किनाऱ्यावर गेली. तिथं ते रुजले. चारचौघांत बोलायलाही ती शिकली, अडखळत का होईना.

अधूनमधून अक्काचा फोन येतो. "तुझं गवत कसं आहे?"

"हिरवं आहे," धाकटी म्हणते, आणि त्यापुढं काही बोलत नाही.