डावीकडचं तळं

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मेल आली. त्या वेळी सुधन्वाच्या हातात हेडफोन होता आणि त्याचा अंगठा डाव्या वाटीवरच्या L या अक्षरावर फिरत होता. अकरा वर्षांच्या वापरात अक्षराची आडवी रेघ उडून गेली होती, नुसती उभी उरली होती. मेल चार ओळींची. तळ्यावरचा माहितीपट तपासणीतून परत. संवाद ठीक, संगीत ठीक. मागचा डावा स्पीकर मागच्या उजव्यापेक्षा सरासरी साडेतीन डेसिबलने चढा, संपूर्ण बावन्न मिनिटं. दुरुस्त फाइल आज संध्याकाळी सहापर्यंत हवी.

संपूर्ण बावन्न मिनिटं. एखाद्या जागी हात घसरतो, समजण्यासारखं आहे. पण बावन्न मिनिटं हात घसरत नाही.

मग फोन वाजला. इंद्रजित. फिल्म सिटीतल्या त्याच्या ऑफिसातून गेली नऊ वर्षं सुधन्वाला काम येत होतं, आणि वाईट बातमी चेष्टेत गुंडाळून द्यायची त्याची पद्धतही नऊ वर्षांची होती.

"काय रे, तळ्याच्या डाव्या काठावर कुणाचं लग्न आहे का? आमची तपासणीवाली पोरगी म्हणते, सर, लेफ्ट के झींगुर खा जाएंगे मुझे."

डावीकडचे रातकिडे तिला खाणार, या कल्पनेला सुधन्वा हसला. बघतो म्हणाला, काहीतरी सेटिंग उलटं झालं असेल म्हणाला, सहाच्या आत पाठवतो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की फोन उजव्या कानाला होता. उजव्या हाताने तो लिहायचा, म्हणून फोन नेहमी डाव्या कानाला, हात मोकळा राहावा म्हणून... कॉलेजपासूनची सवय. ती कधी बदलली? कुणी बदलली?

काम साधं होतं, निदान सांगायला. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि जमिनीवर एक घुमणारा डबा. सहा जागी सहा आवाज वाटून द्यायचे, की बघणाऱ्याला आपण तळ्याच्या मधोमध उभे आहोत असं वाटलं पाहिजे. पूर्वी त्यासाठी स्टुडिओ लागायचा. आता सेक्टर अठ्ठ्याहत्तरमधल्या अकराव्या मजल्यावरची ही दहा बाय नऊची खोली, एक लॅपटॉप, आणि सहा वाटांचे, म्हणजे सहा चॅनलचे, आवाज दोन कानांत घडी करून घालणारं एक सॉफ्टवेअर. हेडफोन घातला की रातकिडा नेमका डाव्या खांद्याच्या मागे ओरडतो. ओरडायला हवा.

पहिल्यांदा त्याने ती चूक शोधली जी या धंद्यात प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. सहा वाटांचा क्रम लावायच्या दोन रीती आहेत. फाइल एका रीतीने बांधली आणि समोरच्याने दुसऱ्या रीतीने उघडली की सगळं अदलाबदल. सहा वर्षांपूर्वी एका मालिकेतल्या सासूचे संवाद त्याच्या हातून घुमणाऱ्या डब्यात गेले होते आणि ती बाई पाताळातून बोलावी तशी बोलली होती. इंद्रजित अजून ती गोष्ट पार्ट्यांत सांगतो. सुधन्वाने आज ती चूक जशी शोधली तशी कधीच शोधली नव्हती — ती सापडावी म्हणून. क्रम बरोबर होता. मग त्याने केबल काढून परत लावली, वाटीच्या आतली गादी काढून फुंकर मारली. तळ्यावरची संध्याकाळ लावली. सारसांची जोडी समोर, वाऱ्याने हलणारं पाणगवत दोन्हीकडे, मागे रातकिडे. त्याला सगळं समसमान ऐकू आलं. डावं उजव्याएवढं, उजवं डाव्याएवढं. काट्याने तोलल्यासारखं. आणि पडद्यावरच्या मीटरची डावी हिरवी पट्टी उजव्या पट्टीच्या वर चढून उभी होती.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

खरं म्हणजे शोधून काढणं सोपं होतं. हेडफोन उलटा घालायचा. L उजव्या कानावर, R डाव्या कानावर. दोष वाटीत असेल तर वाटीबरोबर बाजू बदलेल. आणि बदलला नाही... दोन सेकंदांचं काम. हा प्रयोग त्याने कितीतरी शिकाऊ मुलांना शिकवला होता. त्याने हेडफोन काढला, गळ्यात अडकवला आणि जुन्या कामांचं फोल्डर उघडलं.

पुढच्या तीन वाटांना तो फारसा हात लावत नसे. संवाद आणि संगीत बाहेरून तयार येत. मागच्या दोन मात्र पूर्णपणे त्याच्या असत, नुसत्या कानाने बांधलेल्या. म्हणून काही लिहून ठेवलं गेलं असेल तर तिथेच. फेब्रुवारीतलं काम: डावं, उजवं, सारखं. एप्रिल: डावं आठ दशांशाने वर. जुलै: दीड. सप्टेंबर: एक पूर्णांक नऊ... दोनपर्यंत तपासणीत कुणी बोलत नाही. आता साडेतीन. घरात लहान मुलाची उंची भिंतीवर पेन्सिलीने मांडत जातात तशी कुणीतरी महिन्या-महिन्याला खूण केली होती, आणि तो कुणीतरी मीच होतो. दर महिन्याला माझ्याच हाताने सरकपट्टी थोडी वर ढकलली, बरोबर वाटेपर्यंत. बरोबर वाटलं की थांबलो.

खिडक्या बंद होत्या. नोव्हेंबरची करडी हवा काचेला टेकली होती. हवा साफ करणारं मशीन तो काम करताना बंद ठेवी, त्यावरून बायकोची बोलणी खाई. नीला सकाळी आठलाच गुडगावला गेली होती. म्हणजे खोलीत आवाज असा काहीच नव्हता. तरी एक बारीक, सुईसारखी शिट्टी होती. उन्हाळ्यापासून होती. इन्व्हर्टरची, असं त्याने ठरवलं होतं, आणि गेल्या महिन्यात इलेक्ट्रिशियन बोलावून इन्व्हर्टर बाल्कनीत हलवला होता. शिट्टी खोलीतच राहिली होती. मग ती फ्रिजची आहे असं त्याने ठरवलं होतं.

दारात बाबा आले होते. डावीकडे. त्याला ते दिसले, म्हणजे डोळ्याच्या कडेला त्यांचा तपकिरी स्वेटर हलला.

"हो, हो," सुधन्वा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. स्वेटर थोडा वेळ थांबला, मग गेला.

बाबांचा, मुरलीधररावांचा, कान चाळिसाव्या वर्षी गेला होता. डावा आधी. तेव्हा ते सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि यंत्र लावायला त्यांनी पुढे दहा वर्षं घेतली. त्या दहा वर्षांतला एक मे महिना. पुण्याहून मामेभाऊ अशोक आला होता. दोघे चौदा वर्षांचे. जेवणाच्या टेबलाशी अशोकने बाबांच्या डाव्या बाजूला बसून नुसते ओठ हलवले, आवाज न काढता, लांबलचक काहीतरी, शेवटी भुवया प्रश्नार्थक उंचावून. आणि बाबा प्रसन्नपणे मान हलवत म्हणाले, "हो, हो. बिल्कुल." मग सुधन्वाने केलं. मग परत अशोकने. हसू दाबताना वरणाचा ठसका लागला... आई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बाहेर आली, तर बाबाही हसत होते. सगळे हसतायत म्हणून हसत होते. तो चेहरा इतक्या वर्षांत कधी आठवला नव्हता. आता आठवला तो पूर्ण, मिशीला लागलेल्या ताकासकट.

आपणही त्यांच्यासारखे दिसत असू का? कधीपासून? फिल्म सिटीच्या कँटीनमध्ये, नीलाच्या ऑफिसच्या पार्टीत — हो हो, बिल्कुल — आणि समोरच्यांनी एकमेकांकडे बघून...

फेब्रुवारीत त्याला चाळीस वर्षं पूर्ण झाली होती.

दीडला बाबांनी जेवायला बोलावलं. म्हणजे येऊन उजव्या खांद्यावर हात ठेवला. टेबलावर पोळ्या होत्या, मेथीची भाजी, दही. बाबांनी आपलं ताट घेतलं, वळसा घालून गेले आणि सुधन्वाच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसले. यंत्र त्यांच्या उजव्या कानात होतं; ते नीट चालायला समोरचा माणूस उजवीकडे लागतो, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. इथे बसलं की सुधन्वा त्यांच्या डावीकडे येत होता. त्यांच्या वाईट बाजूला.

"मघाशी मी तुला काय विचारलं?" बाबा म्हणाले.

"कधी?"

"अकराच्या सुमाराला. दारात उभा होतो. तू हो, हो म्हणालास."

सुधन्वाने पोळीचा तुकडा मोडला. जेवायला कधी बसायचं ते, असं अंदाजाने म्हणाला.

"मी विचारलं, भात लावू की आहेत त्या पोळ्यांत भागेल." बाबांनी दह्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. "त्याचं उत्तर हो, हो कसं होईल? नाही लावला मग."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं; त्याला उलट काहीतरी बोलता आलं असतं. कामात होतो, लक्ष नव्हतं, एवढं तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याला ओळखीचं वाटलं. याच टेबलाशी... नाही, ते टेबल वेगळं. आवाज बाबांचा होता.

"बाबा, तुम्ही पूर्वी तिकडे बसायचात. खिडकीकडे."

"हो."

"इकडे कधीपासून बसता?"

"झाले चार-पाच महिने." त्यांनी पाणी प्यायलं. "तुला बरं पडतं इकडून."

सुधन्वाने दह्याची वाटी जवळ ओढली. मग बाबांनी सांगितलं की सोमवारी सकाळी ते यंत्र तपासायला कानाच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. त्यांच्या सरकारी दवाखान्याच्या कार्डावरून सुधन्वाचं नाव पंचविसाव्या वर्षीच कटलं, पण डॉक्टर ओळखीचे आहेत, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याचाही कान बघतात. नीलाला काही बोललेलो नाही, असंही त्यांनी न विचारता सांगितलं. एवढं सांगून ते ताटं उचलायला लागले.

अडीचला सुधन्वाने हेडफोन उलटा घातला.

पुसट L उजव्या कानावर. संध्याकाळ लावली. आणि रातकिडे उजवीकडून अंगावर आले. हे डाव्या काठाचे, त्याने महिनाभर चढवत नेलेले, करवतीसारखे, लहान मुलाच्या हातातल्या पिपाणीसारखे, आणि गवत नव्हे तर तव्यावर चुरचुरणारं काहीतरी. दुसरीकडे, जिथे आता उजवा काठ यायला हवा होता, तिथे पाण्याचा जाड आवाज तेवढा होता. वर काही नव्हतं. किडे नाहीत, गवत नाही. तळं अर्ध्यावर कापलेलं. वाटी निर्दोष होती.

त्याला वाटलं होतं की कळेल तेव्हा भीती एका ठिकाणी येऊन बसेल. तसं झालं नाही. ती फिरत राहिली: आत्ता कानात, आत्ता दाराबाहेर बाबांच्या पावलांपाशी. तीन वाजेपर्यंत त्याने काहीही केलं नाही. बाहेरून दिसत होता तो लॅपटॉपसमोर बसलेला एक माणूस, हेडफोन उलटा घातलेला. मग त्या माणसाने एक वही घेतली आणि कामाला सुरुवात केली.

पद्धत त्याने अर्ध्या तासात बसवली. एक प्रसंग सुलटा ऐकायचा, फक्त उजवा काठ, उजव्या कानाने. आकडा लिहायचा. हेडफोन फिरवायचा. तोच प्रसंग, डावा काठ, उजव्याच कानाने. डावं खाली आणायचं, एकाच कानाला दोन्ही सारखे वाटेपर्यंत, मग मीटरकडे बघून खात्री. एकोणतीस प्रसंग, अठ्ठावन्न फेऱ्या. हेडफोनच्या पट्टीने केस विस्कटले, कानाची पाळी दुखायला लागली. काम चोख होत होतं. हेच भयंकर होतं, की काम चोख होत होतं. शेवटी फिल्म सुलटी लावून जागोजागी ऐकली तेव्हा मीटरच्या दोन्ही हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी, एका उंचीवर हलत होत्या, आणि त्याच्या डाव्या खांद्यामागे कुणी नव्हतं. जगाला आता हे तळं बरोबर ऐकू येणार होतं. फक्त त्याला नाही.

पाच बावन्नला फाइल गेली.

सहा सत्तावीसला इंद्रजितचा मेसेज आला. पास. एकदम बिल्कुल. सेटिंगचंच होतं ना? त्याखाली दुसरा: सहा भागांची मोठी मालिका आलीय, दोन महिन्यांचं काम, मी तुझंच नाव दिलंय. सोमवारी अकराला आमच्या थिएटरमध्ये पहिल्या भागाचं मिक्सिंग. दिग्दर्शिका शेजारी बसणार, जागच्या जागी बदल सांगणार. हो म्हण पटकन.

थिएटर त्याला पाठ होतं. स्पीकर भिंतीत स्क्रूने बसवलेले, खुर्च्या पडद्याकडे तोंड करून. तिथे काहीच फिरवता येत नाही. माणूसच फिरवावा लागेल: पडद्याकडे पाठ करून बसायचं, म्हणजे डावा काठ उजव्या कानाला... दिग्दर्शिका विचारेल. नाही विचारणार, इंद्रजितकडे बघेल. त्याने उत्तरात 'हो' टाइप केलं. मग आणखी एक 'हो' आपोआप उमटलं, आणि पडद्यावरच्या त्या दोन शब्दांकडे तो बघत राहिला. दोन्ही पुसले. सोमवारी सकाळीच डॉक्टरांकडची ती शेजारची खुर्चीही होती.

दिवा लावायला बाबा आत आले. बटण डावीकडच्या भिंतीवर होतं. दिवा लावून ते टेबलाला वळसा घालून उजवीकडे आले आणि उभे राहिले. सुधन्वाने डोळे मिटले. उजवीकडे स्वेटरची खसखस होती, यंत्रातून येणारी किंचित किणकिण होती, म्हाताऱ्या नाकातून जाणारा येणारा श्वास होता, अकरा मजले खाली एक हॉर्न होता. डावीकडे ती शिट्टी. पहिल्यांदाच ती कुणाची आहे हे त्याने ठरवलं नाही. ऐकली. घाबरलेला तो होताच, पण आता ती भीती खोलीत कुठे उभी आहे ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"काही म्हणालात?" त्याने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "तू म्हणालास?"

सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. इंद्रजितला उत्तर गेलेलं नव्हतं.