अर्ध्या मिनिटाची शेजारीण

‘‘ताई, नवराबायकोचं ते बोलणं ऐकलं, की तुम्ही हातातलं ताट पाडायचं आणि ‘अगं बाई!’ म्हणून मटकन खाली बसायचं,’’ दिग्दर्शकानं समजावलं.

‘‘काहून?’’ मी विचारलं.

अमरावतीच्या एका बंगल्यात शूटिंग होतं. विनोदी पिक्चर. त्यातलं जोडपं राजीखुशीनं ठरवतं, की लग्न टिकवायचं, पण बाहेर प्रेम करायला दोघंही मोकळे. मी त्यांची शेजारीण. सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन येते आणि हे ऐकते. अर्ध्या मिनिटाचं काम, हौसेपोटी घेतलेलं.

‘‘अहो, लहान गावातली बाई! तिला धक्का बसणारच ना?’’

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे मी. आधी धारणी, आता बाळापूर. कोणाच्या घरात काय चालतं ते मला विचारा! बायकोला पत्ता लागू न देता दुसरं घर मांडलेला नवरा पाहिलाय, त्याच्या दोन्ही बायकांची बाळंतपणं एकाच आठवड्यात केलीत. हातातून ट्रे कधी पडला नाही.

‘‘सर, मी असं म्हणू का?’’ म्हटलं, आणि म्हणूनच टाकलं. ‘‘तुमी दोघं एकमेकाले इचारून करून रायले ना? मंग मी कोन बोलनारी? वड्या खा, गार होऊन रायल्या.’’

सगळे हसले, पण मला नाही हसले. दिग्दर्शक तर खूश. ‘‘हेच पाहिजे! आपल्या सिनेमात सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत. वऱ्हाडसुद्धा!’’ खोटं कशाला सांगू, मी हवेतच घरी आले.

पिक्चर अकोल्याला लागला, तेव्हा बाबांना घेऊन गेले. काचबिंदूनं त्यांचे डोळे जाऊन आठ वर्षं झाली. मी नको म्हणत होते, ते ऐकेनात. ‘‘पायता येत नाई तं ऐकीन. बोलनार हायेस ना तू?’’ विहारात सगळ्यांना सांगून बसले होते, आमची पोरगी भावना पिक्चरमध्ये बोलते म्हणून.

असला विषय, शेजारी बाप. मी अंग चोरून बसले. बाबा मात्र कान देऊन ऐकत होते.

‘‘हे पोरगी नवऱ्याले सांगूनच चालली काय?’’

‘‘हो बाबा.’’

‘‘मंग बरं हाय. चोरून तं नाई.’’

आणि पडद्यावर मी आले. साडी माझी, ताट माझं, ओठ माझे. आवाज दुसऱ्याच बाईचा. वाक्यं तीच, पण किनऱ्या आवाजात, हेल काढकाढून, गावंढळाची नक्कल करावी तसं. थिएटर खो खो हसलं. मला कोणी विचारलं नव्हतं, साधं कळवलंही नव्हतं. अंगाची लाही लाही झाली.

बाबा माझ्याकडे वाकले. ‘‘हे कोन होती वं? आपल्याकडची नाई वाटत.’’

‘‘मुंबईची असंन कोनी,’’ मी म्हटलं.

‘‘नक्कल करून रायली लेकाची. तुयं आलं की समजीन लोकायले, आपली बोली कशी असते तं.’’

पुढच्या रांगेतली पोरं अजून हसतच होती. बाबांनी चाचपडत एकाच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘जरा चूप बसा ना भाऊ, माह्या पोरीचं बोलनं यायचं हाय अजून.’’

पोरं गप्प झाली. पिक्चर अजून सव्वा तास होता.